इशारा कोणत्या भाषेत?

वादळात बोटी सापडल्या की एक वाक्य हमखास कानावर येते: ‘इशारा दिला होता, मच्छीमारांनी ऐकला नाही.’ मी पैठणचा मास्तर, समुद्रापासून फार दूर. पण हे वाक्य माझ्या ओळखीचे आहे. उर्दू माध्यमाच्या मुलाला न कळणाऱ्या भाषेत सूचना द्यायची आणि मग ‘मुलगा लक्ष देत नाही’ असा शेरा मारायचा, हे मी वर्गात पाहिले आहे.

आपल्याच राज्यात वेंगुर्ल्याला नॅव्हटेक्स केंद्र आहे. नॅव्हटेक्सचे इशारे ५१८ किलोहर्ट्झवर जातात आणि जहाजावरचे यंत्र ते आपोआप उतरवून घेते. सोय उत्तम. पण ५१८ वरचा मजकूर इंग्रजीत असतो आणि आंतरराष्ट्रीय नियमाने यंत्राची सक्ती आहे ती प्रवासी जहाजांना व ३०० टनांपासून पुढच्या मालवाहू जहाजांना. हर्णैच्या कोळ्याची, मालवणच्या गाबिताची, रत्नागिरीच्या दालदी मुसलमानाची बोट त्यात बसत नाही. किनारा मागे पडला की मोबाइलची रेंज जाते. मग त्याने ऐकायचे कशावर?

२०१७ च्या ओखी वादळाने हेच दाखवले. इशारा निघाला तेव्हा कित्येक बोटी आधीच खोल समुद्रात होत्या. केरळ-तमिळनाडूच्या ६८ बोटी सिंधुदुर्गच्या किनाऱ्याला लागल्या, ती माणसे वाचली. कित्येक घरांतली परतलीच नाहीत. पुढे ऑक्टोबर २०१९ मध्ये केंद्र सरकारने ‘जेमिनी’ आणले. हे छोटे यंत्र उपग्रहाकडून संदेश घेते आणि मोबाइलवर प्रादेशिक भाषेत दाखवते. म्हणजे ‘तंत्रज्ञान नाही’ ही सबब संपली.

उरतो प्रश्न हक्काचा. मोठ्या जहाजाला जे नियमाने मिळते, ते छोट्या बोटीला मेहरबानीने का? परवाना देताना प्रत्येक यांत्रिक बोटीवर मराठीत इशारा देणारे यंत्र बसवा, खर्च सरकारने उचलावा. ते वाचायला तांडेलासोबत नेपाळहून आलेल्या खलाशालाही शिकवा.

२००६ च्या ऑगस्टमध्ये जायकवाडीतून पाणी सुटले आणि गोदावरी आमच्या पैठणमध्ये शिरली. किती क्युसेक सोडले, हा आकडा ऐकून कुणी घर सोडत नाही. ‘पाणी गल्लीत येतंय, उठा’ हे ऐकले की लेकरे घेऊन निघतो. दर्यावरच्या माणसालाही तेवढेच स्पष्ट सांगा. ते न करता ‘ऐकले नाही’ म्हणणे हा मेलेल्यावरच ठेवलेला आरोप आहे.