मुंबईत पाहण्यासारखे उरले काय?

मे महिन्याची सुट्टी लागली की महाराष्ट्रातील गावोगावची सुशिक्षित कुटुंबे मुंबईस आप्तांकडे पंधरा-पंधरा दिवस मुक्कामास येतात. गेट वे, चौपाटी, घारापुरी आणि राणीची बाग ही ठिकाणे पहिल्या तीन दिवसांत उरकली जातात, आणि चौथ्या दिवशी घरचे कर्ते गृहस्थ जांभई देऊन विचारतात, “आता मुंबईत पाहण्यासारखे उरले काय?” उरलेले दिवस मग दुकाने, उपाहारगृहे आणि चित्रपट यांत जातात. हा प्रश्न दिसण्यात साधा आहे. परंतु ज्यांच्या घरी पुस्तकांचे कपाट आहे त्यांच्या तोंडी तो शोभत नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

या प्रश्नाला हल्ली एक तयार उत्तर मिळते. ‘अल्पपरिचित स्थळां’च्या याद्यांचा सर्वत्र सुकाळ आहे, आणि काही हौशी मंडळी त्या हाती घेऊन गल्लीबोळ पालथे घालीत असतात. जांभईपेक्षा हे बरे, हे आम्ही मान्य करतो; तथापि रोग तोच आहे. यादी प्रसिद्ध स्थळांची असो की अप्रसिद्ध, तीवर खुणा करीत धावणारा मनुष्य पाहण्याऐवजी मोजदाद करीत असतो. शिवाय अल्पपरिचित ते कोणाला? वरळीचा कोळीवाडा तेथील कोळ्यांना पिढ्यान्‌पिढ्या परिचित आहे. आपल्या अज्ञानाला स्थळाचे विशेषण म्हणून चिकटविण्याची ही युक्ती मोठी सोयीची खरी!

राणीच्या बागेचेच उदाहरण घ्या. तेथून परतणाऱ्या किती जणांची दृष्टी शेजारच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाजवळील दगडी हत्तीकडे जाते? हा हत्ती मूळचा घारापुरीचा. त्याच्यावरूनच पोर्तुगीजांनी त्या बेटास ‘एलिफंटा’ हे नाव दिले. 1864 मध्ये त्यास विलायतेस नेण्याच्या खटपटीत तो कोसळून त्याचे तुकडे झाले. पुढे 1914 मध्ये ते तुकडे मुंबईत पुन्हा जोडण्यात आले. म्हणजे आदल्या दिवशी घारापुरी पाहून आलेले कुटुंब दुसऱ्या दिवशी त्या बेटाच्या नावाच्या मूळ कारणाला वळसा घालून पेंग्विनांच्या रांगेत उभे राहते!

कोणी म्हणेल, “आम्ही काही इतिहाससंशोधक नाही, सुट्टी विश्रांतीसाठी असते.” अगदी खरे. म्हणूनच आमचा आग्रह अधिक पाहण्याचा नाही. थोडे पाहावे, पण काही एक जिज्ञासा बरोबर घेऊन पाहावे, एवढेच आमचे म्हणणे आहे. एक दिवस एकट्या परळला द्यावा. तेथील बारादेवी मंदिरात सुमारे दोन पुरुष उंचीची एक शिवप्रतिमा आहे. 1931 मध्ये रस्त्याचे काम चालू असता ती भूमीतून वर आली. एकाच शिळेत एका शिवातून दुसरा, दुसऱ्यातून तिसरा असे वर चढत गेलेले आणि दोन्ही अंगांनी प्रकट होणारे मिळून सात शिव तीत कोरले आहेत. विद्वान ती पाचव्या-सहाव्या शतकातील मानतात. घारापुरीच्या लेण्यांशी जवळचे नाते सांगणाऱ्या या शिल्पाची परळकर आजही पूजा करतात. आणि लाँचीत बसून घारापुरीस जाणारे आपण तिकडे फिरकतही नाही.

त्याच परळात बी. आय. टी. चाळीत 1912 ते 1934 या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे बिऱ्हाड होते. परदेशी विद्यापीठांच्या सर्वोच्च पदव्या मिळविलेला हा पुरुष चाळीत राहत होता. बहिष्कृत हितकारिणी सभेच्या स्थापनेचा विचारही 1924 मध्ये परळच्याच दामोदर हॉलमधील सभेत झाला. तेथून दादरच्या हिंदू कॉलनीतील ‘राजगृह’ फार दूर नाही. ग्रंथसंग्रह डोळ्यांपुढे ठेवून त्यांनी बांधलेले ते घर. विद्येचे महत्त्व सांगणारी शंभर व्याख्याने मुलांना ऐकविण्यापेक्षा त्यांना या चाळीपासून त्या घरापर्यंत एकदा चालवीत न्यावे.

आणि संध्याकाळी खरेदीस जायचेच असेल तर लोअर परळच्या फिनिक्समध्ये अवश्य जावे. मात्र ती जागा कापडगिरणीची होती, हे मुलांना सांगावे. मुंबईतील पहिली कापडगिरणी कावसजी दावर यांनी 1854 मध्ये काढली. 1982 च्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले, आणि त्यानंतर एक सबंध गिरणगाव हळूहळू ओसरले. ते नांदते होते तेव्हा आपण पाहुणे म्हणून मुंबईस येतच होतो. त्याच्याकडे ढुंकूनही पाहिले नाही. आपल्या पाहण्याने गिरण्या वाचल्या असत्या, असा आमचा दावा नाही. परंतु ज्याची कोणी विचारपूस करीत नाही ते पाडून टाकताना कोणाचाच हात अडखळत नाही, हे तितकेच खरे.

ज्यांना अधिक दिवस आहेत त्यांनी पाण्याचा माग काढावा. कान्हेरीच्या भिक्षूंनी लेण्यालेण्यांशी कातळात खोदलेली टाकी, वाळकेश्वरची बाणगंगा, आणि 1860 मध्ये नळाचे पाणी देऊ लागलेला विहार तलाव, एवढ्यात या बेटाच्या तहानेची सारी कथा येते. ग्रंथप्रेमींनी 1898 मध्ये स्थापन झालेल्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात एक दुपार घालवावी. मराठीच्या नावाने गळा काढणाऱ्यांनी तिच्या ग्रंथालयाची पायरी चढू नये, ही विसंगती आता पुरे झाली.

एक मर्यादा मात्र पाळलीच पाहिजे. चाळ आणि कोळीवाडा ही माणसांची घरे आहेत. विचारल्यावाचून कोणाचा उंबरा ओलांडू नये, आणि तेथील गृहिणीचे छायाचित्र तर तिच्या संमतीवाचून मुळीच घेऊ नये. जिज्ञासेच्या नावाखाली असभ्यपणा करण्यापेक्षा घरी पत्ते खेळत बसलेले बरे.

पुढील मे महिन्यात मुंबईस येणाऱ्या गृहस्थांना आमची एवढीच विनंती आहे. यादी घरी ठेवावी, निघण्यापूर्वी या शहराविषयी एखादे पुस्तक मुलांसह वाचावे, आणि त्यातून सुचलेला एक प्रश्न बरोबर आणावा. मग पंधरा दिवस अपुरे पडल्याची तक्रार कोणी केली, तर ती आम्ही आनंदाने ऐकून घेऊ.