नर्मदेचा हत्ती आजोबा नव्हे



गेल्या अंकातील वाचकपत्रात नर्मदाखोऱ्यातील नामशेष महाकाय हत्तीला आजच्या भारतीय हत्तीचा थेट पूर्वज ठरवून, लोकरी मॅमथला मात्र ‘दूरचा पाहुणा’ म्हटले आहे. वस्तुस्थिती नेमकी उलटी आहे. नर्मदेच्या हत्तीला पूर्वी ‘एलिफस’ वंशात घालत. आता तो ‘पॅलिओलॉक्सोडॉन’मध्ये गणला जातो. याच वंशातील युरोपीय हत्तीच्या जर्मनीत सापडलेल्या हाडांतून डीएनए मिळाला. 2017 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात त्याचे नाते आफ्रिकेतील वनहत्तीशी अधिक जवळचे निघाले. (पुढच्या अभ्यासात त्यात मॅमथच्याही खुणा दिसल्या, म्हणजे प्रकरण साधे नाहीच.) आशियाई हत्तीचा सर्वांत जवळचा भाऊबंद मॅमथच.

दाढा पाहिल्या तरी अंदाज येतो: आफ्रिकी हत्तीच्या झिजलेल्या दाढेवर शंकरपाळ्यांसारखे चौकटीदार आकार, तर आशियाई हत्तीच्या आणि मॅमथच्या दाढेवर अरुंद, दाट पट्ट्या. मात्र दाढांवर फार विसंबू नये; नर्मदेच्या हत्तीबाबत त्यांनीच पूर्वी दिशाभूल केली.

पूर्वजच हवा असेल, तर शिवालिकमधील ‘एलिफस हायसुड्रिकस’चा दावा अधिक बळकट आहे. त्या पत्रासोबतच्या चित्राखालील ‘भारतीय हत्तीचा पूर्वज’ ही ओळ पुढील अंकात दुरुस्त करावी, ही विनंती.

– एक वाचक, नाशिक