हरणाला बिस्किटे देणे ही भूतदया नव्हे!

सांगली जिल्ह्यातील सागरेश्वर अभयारण्यात चितळ जवळून दिसले, की हातातले बिस्कीट पुढे करण्याचा मोह होतो. तो आवरलाच पाहिजे. का?

गवत खाते हरिण. पण ते पचवतात त्याच्या पोटातील सूक्ष्मजीव. रवंथ करणाऱ्या प्राण्यांच्या पोटाला चार कप्पे असतात. त्यांतील सर्वांत मोठ्या कप्प्यात जिवाणू, आदिजीव आणि बुरशी गवतातील चिवट तंतू आंबवतात. त्यातून हरणाला ऊर्जा मिळते. पुढे हेच सूक्ष्मजीव पचून प्रथिनेही मिळतात.

बिस्किटे, धान्य एकदम जास्त पोटात गेले, की पिष्ट झपाट्याने आंबते, आम्लता वाढते आणि तंतू पचवणारे जिवाणू मरू लागतात. जनावर दगावूही शकते. जोंधळ्याच्या राशीत तोंड घातलेल्या म्हशीचे काय होते, हे शेतकऱ्याला सांगायला नको.

कोयना-चांदोलीतील गव्यालाही हाच नियम लागू आहे. या जनावरांना आपला खाऊ नको, त्यांचे गवत हवे. म्हणून कुरणे राखा, वणवे रोखा. २०१० मध्ये घोषित झालेल्या सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात वाघ टिकवायचा, तर आधी गवा-सांबर आणि त्यांच्या पोटातले हे न दिसणारे सोबती टिकले पाहिजेत.