घटप्रभेला कृष्णा सापडेना

आमचा भाचा मला ‘अत्ते’ म्हणतो. नणंद दिली धारवाडच्या कानडी घरात, आणि तिथं मामीला अत्तेच म्हणायचं. आमच्या गल्लीतल्या मराठी बायका मात्र इतकी वर्षं मला त्याची आत्या समजून चालल्या आहेत. मी दुरुस्त करायचं केव्हाच सोडून दिलं. एका हाकेची दोन नाती झाली म्हणून आमचं कधी काही अडलं नाही. संगणकाचं मात्र अडतं, हे मला गेल्या उन्हाळ्यात कळलं.

भाचा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. प्रोजेक्टसाठी त्याला पाच-सहा जुने संगणक हवे होते. मी शिकवते अर्थशास्त्र, संगणकातलं मला पगारपत्रक आणि मार्कलिस्ट एवढंच कळतं. पण आमच्या कॉलेजच्या लॅबमधले सहा डबे भंगारात काढायचे ठरले होते, हे ठाऊक होतं. प्राचार्यांकडे शब्द टाकला. ते म्हणाले, ‘‘न्या, पण मंगळवारी भंगारवाला येणार आहे. चालले तर ठेवू, नाहीतर जातील.’’ भाच्याचं सादरीकरण सोमवारी. त्याच्या वडिलांनी आधीच सांगून ठेवलं होतं, ‘‘रद्दी गोळा करून कुणी इंजिनिअर होत नाही.’’

सहा यंत्रं जोडून त्यांच्याकडून एकच मोठं काम करून घ्यायचं, याला क्लस्टर म्हणतात. लग्नघरात सहा चुलींवर सहाजणी पोळ्या लाटतात आणि एक आचारी कणकेचे गोळे वाटून देतो, तसं. १९९४ साली अमेरिकेत ‘नासा’च्या गॉडार्ड केंद्रात स्टर्लिंग आणि बेकर या दोघांनी बाजारात मिळणारे साधे १६ प्रोसेसर जोडून ‘बेओवुल्फ’ नावाचा असा संच उभा केला. त्याच्याही आधी, १९९१ साली, आपल्या पुण्यात सी-डॅकनं विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली ‘परम ८०००’ बांधला, त्यातही काम अनेक प्रोसेसरांत वाटून देण्याचीच युक्ती होती. भाच्याचं काम त्यामानानं चिमुकलं. तालुक्यातालुक्याच्या पावसाच्या जुन्या नोंदी घेऊन एकच गणित हजारो वेळा, दर वेळी थोडे आकडे बदलून करायचं. एका यंत्रावर चार दिवस, पाच यंत्रांवर एक दिवसही नाही.

यंत्रांना त्यानं नद्यांची नावं दिली. पाच राबणारी यंत्रं म्हणजे मलप्रभा, घटप्रभा, हिरण्यकेशी, मार्कंडेय आणि ताम्रपर्णी. काम वाटून देणारं मुख्य यंत्र कृष्णा, कारण या पाचांचं पाणी शेवटी कृष्णेलाच मिळतं. मला हे फार आवडलं. वाटपाचं काम करणाऱ्या प्रणालीचं नाव ‘स्लर्म’.

शनिवारी दुपारी त्यानं कृष्णेवरून काम सोडलं. काम नोंदवलं गेलं, नंबर मिळाला, आणि रांगेत ‘प्रलंबित’ म्हणून बसून राहिलं. तास गेला, दोन गेले. यंत्रांची हजेरी घेतली तर पाचही नावांपुढे ‘डाउन’ आणि एक तारा. तारा म्हणजे यंत्र उत्तरच देत नाही. आणि पाचही यंत्रं तर आमच्या समोर घुरघुरत होती! घटप्रभेच्या पडद्यावर संदेश होता, की मुख्य यंत्राशी संपर्क होत नाही.

आमच्या हॉलमध्ये जमिनीवर तारा, टीपॉयवर चहाचे कप, भाचा आणि त्याचा एक मराठी मित्र घामाघूम. केबल बदलून झाल्या. यंत्रांची घड्याळं तपासली (जुन्या यंत्रातला सेल संपलेला असतो आणि तारीख भलतीच दाखवते, पाचेक मिनिटांहून जास्त फरक पडला तर ओळखपत्र नाकारलं जातं म्हणे). मग घटप्रभेवरून कृष्णेला ‘पिंग’ केलं, म्हणजे नावानं हाक मारली. डोळ्याचं पातं लवायच्या आत उत्तर! भाचा म्हणाला, ‘‘अत्ते, नेटवर्क झकास आहे, दोष दुसरीकडे आहे.’’

मी चष्मा लावून पडद्याकडे पाहत होते. कृष्णेच्या नावापुढे पत्ता होता १२७.०.१.१. टीपॉयवरच्या कागदावर मात्र त्यानंच कृष्णेचा पत्ता १९२.१६८.१.१० असा लिहिला होता. मी विचारलं, ‘‘मग हा कुणाचा पत्ता?’’

ही नजर मला कशी आली, ते सांगते. आमच्या सासूबाईंचं माहेर गोकाकचं. एका कागदावर त्यांच्या नावापुढे ‘व्वा’, दुसऱ्यावर ‘बाई’, तिसऱ्यावर नुसतंच नाव. गावही एकात बेळगाव, एकात बेळगावी, कारण १ नोव्हेंबर २०१४ पासून शहराचं सरकारी नाव बदललं. माणूस एक, पत्ता एक, पण एका बँकेत त्यांचं कुटुंब-पेन्शन सात महिने अडकलं. तेव्हापासून कुठलाही कागद समोर आला की मी आधी नाव आणि पत्ता जुळवून बघते.

भाचा पडद्याकडे बघतच राहिला. मग त्यानं कपाळावर हात मारला. १२७ नं सुरू होणारा पत्ता म्हणजे ‘मी स्वतः’. उबुंटू किंवा डेबियन बसवताना ते यंत्राचं स्वतःचं नाव ‘होस्ट्स’ नावाच्या फाइलमध्ये १२७.०.१.१ या पत्त्यापुढे लिहून टाकतात. एकट्या यंत्राला त्याचा त्रास नाही. पण यानं वेळ वाचवायला कृष्णेवरची ती फाइल जशीच्या तशी बाकी पाचांवर उतरवली होती. त्यामुळे घटप्रभा कृष्णेला शोधायला निघायची ती स्वतःच्याच दाराशी येऊन उभी राहायची. आतून ‘यारु?’ विचारणारीही तीच आणि ‘नानु’ म्हणणारीही तीच. पिंगचं उत्तर इतक्या चटकन का आलं, तेही त्यातच कळलं.

उपाय सोपा. ती ओळ काढायची, सहाही यंत्रांचे खरे पत्ते आणि नावं यांची एकच यादी करायची आणि ती सगळीकडे सारखी ठेवायची. ‘लोकलहोस्ट’ची १२७.०.०.१ ही ओळ मात्र तशीच राहू द्यायची. राउटरमध्ये प्रत्येकाचा पत्ता कायमचा बांधून टाकायचा, नाहीतर वीज जाऊन आली की पत्ते बदलतात आणि यादी खोटी ठरते. गंमत अशी, की इंटरनेटचा पूर्वावतार असलेलं अर्पानेटही एके काळी असंच चाले. स्टॅनफर्डच्या संशोधन संस्थेत नावांची एकच यादी ठेवत आणि जो तो ती उतरवून घेई. यंत्रं वाढली, यादी पुरेना, तेव्हा १९८३ साली पॉल मोकापेट्रिस यांनी आजची नावांची व्यवस्था मांडली. सहा यंत्रांच्या संसाराला मात्र ती जुनी यादीच पुरते.

रात्री दहाला मलप्रभा, घटप्रभा, हिरण्यकेशी तिघी बोलू लागल्या. मार्कंडेय आणि ताम्रपर्णी गप्पच. तिथं तक्रार वेगळी होती. ‘यादीत माझं नाव सापडत नाही’ अशा अर्थाची ओळ टाकून स्लर्म सुरूच होत नव्हता. या प्रणालीत यंत्राला ‘तुझं नाव काय’ विचारलं की जे उत्तर येतं, तेच अक्षरन् अक्षर यादीत असावं लागतं. वेगळं ठेवायचं तर तसं मुद्दाम लिहावं लागतं.

दोन्ही यंत्रांना नाव विचारलं. आणि वाचकहो, पुढचं तुम्ही ओळखलंच असेल! यंत्रं बसवताना नावं टाइप केली मराठी मित्रानं, यादी लिहिली कानडी वळणाच्या भाच्यानं. मित्राच्या ‘मार्कंडेय’चा शेवट वाय या अक्षरावर, कारण आपण शेवटचा ‘अ’ बोलत नाही. भाच्याच्या नावात पुढे ए, कारण कानडीत तो बोलतात. ताम्रपर्णीत मित्राचा नुसता टी, भाच्याचा टीएच. लता, गीता, सविता या आपल्याकडे टीनं आणि धारवाडकडे टीएचनं लिहिल्या जातात, हे तुमच्या घरच्या लग्नपत्रिकांत तुम्ही पाहिलंच असेल.

आता बरोबर कुणाचं? दोघं हमरीतुमरीवर आले. खरं तर यंत्राला काहीच फरक पडत नव्हता. अक्षरं, आकडे आणि जोडरेघ एवढ्यांतलं काहीही त्याला चालतं (खालची रेघ चालत नाही, ती हौस आधीच करून झाली होती). सासूबाई आतून आल्या, दोन मिनिटं ऐकलं आणि म्हणाल्या, ‘‘हेसरु तप्पिदे? मग एकाचं एक घ्या, दुसऱ्याचं एक घ्या, आणि झोपा.’’ चंदगडकडून येणारी ताम्रपर्णी मराठी वळणानं ठेवली, मार्कंडेय कानडी. स्लर्मच्या यादीत एक नाव बदललं, एका यंत्राचं नाव बदललं, आणि नवी यादी सहाही ठिकाणी टाकली.

तरी हजेरीत ‘डाउन’च! इथं भाचा रडकुंडीला आला. एकदा गैरहजर मांडलेलं यंत्र स्लर्म आपण होऊन पटावर घेत नाही. मूळ मांडणीच तशी असते. व्यवस्थापकानं हातानं ‘रुजू’ म्हणावं लागतं. हे पुस्तिकेत सापडायला रात्रीचा एक वाजला. पाचही नावं रुजू केली, आणि दुपारपासून रांगेत बसलेलं काम आपोआप हललं. यंत्रांचे पंखे एकदम मोठ्यानं फिरू लागले.

रविवारी रात्री जेवणं व्हायच्या आत गणित संपलं. सोमवारी सादरीकरण झालं. नणंदेचे यजमान स्वतः आले होते, मागच्या बाकावर बसले, काही बोलले नाहीत; पण जाताना सहा यंत्रांचा फोटो काढून घेऊन गेले. भंगारवाल्याला मंगळवारी बाकीचं सामान दिलं. ही सहा अजून लॅबमध्ये आहेत. भिंतीवर भाच्यानं एक कागद डकवला आहे, त्यावर प्रत्येक नदीचं नाव मराठीत, कानडीत, आणि खाली यंत्राला लागतं ते नेमकं इंग्रजी स्पेलिंग.

सासूबाईंचं पेन्शन त्यानंतर तीन आठवड्यांनी सुरू झालं. नावात आता ‘बाई’ आहे. मागचे सात महिने मिळायचे आहेत.