मान डोलवू नका, 'पंपाला किती?' विचारा



आज पिकावर नाही, बोलण्यावर लिहितोय. पण नुकसान पिकाचंच होतं म्हणून लिहितोय.

गावात चर्चासत्र होतं. साहेब अभ्यासू असतात, माहिती खरी असते, पण बोलणं असं की सुटलेली मोटरसायकल. त्यांना अजून दोन गावं करायची असतात. अर्ध्या तासात लागवडीपासून काढणीपर्यंत सगळं सांगून मोकळे. आपण समोर बसून माना डोलावतो. घरी आल्यावर एकमेकाला फोन, "ते तिसरं औषध कुठलं म्हणाले रे?" मग दुकानदार देईल ते औषध आणि दुकानदार सांगेल तो डोस.

यात ऐकणाऱ्याची अक्कल कमी नसते. आपल्या शेतीतली नावंच अशी आहेत की घाईत बोलली तर एकसारखी वाटतात. इमिडाक्लोप्रिड मावा-तुडतुड्यासारख्या रसशोषक किडीवर चालतं, इमामेक्टिन अळीवर. थायामेथोक्झाम कीटकनाशक आहे, थायोफिनेट मिथाईल बुरशीनाशक. कानावर "इमा", "थायो" एवढंच पडलं तर अळीवरचं औषध माव्यावर जाणार. पैसे गेले, मजुरी गेली, आणि कीड तशीच.

आकड्यांचं तर विचारूच नका. शिफारस बऱ्याचदा हेक्टरी असते आणि आपण हिशोब एकरात करतो. एक हेक्टर म्हणजे अडीच एकर. "हेक्टरी" हा एक शब्द निसटला तर डोस अडीचपट पडतो. दुसरं असं, साहेब सांगतात 10 लिटर पाण्याला. आपला पंप 15 लिटरचा, कुणाचा 20 चा. 10 लिटरला 4 मिली असेल तर 15 च्या पंपाला 6 आणि 20 च्या पंपाला 8 मिली. एवढं गणित आपल्याला येतं की. पण बोलणारा तोवर पुढच्या रोगावर गेलेला असतो.

सगळ्यात धोक्याचा शब्द म्हणजे "नका". आपल्या मराठीत तो वाक्याच्या शेवटी येतो, आणि घाईत बोलणारा माणूस वाक्याचा शेवटच गिळतो. "कॅल्शियम नायट्रेट आणि 12:61:00 एका टाकीत घेऊ नका." यातला "नका" गेला की काय होतं? टाकीत साका बसतो आणि ड्रिपर चोंदतात. 2,4-डी मारलेल्या पंपाचंही तसंच. तो पंप कपाशीला वापरू नका, हे नीट ऐकू आलं नाही तर पानं पंजासारखी वाकडी झाल्यावरच कळतं.

आता उपाय. "साहेब, जरा हळू बोला" हे सांगून बघा. दोन वाक्यं हळू होतात, तिसऱ्याला गाडी परत टॉप गिअरला. बोलायची सवय सांगून बदलत नाही. पण प्रश्न विचारला की माणसाला थांबावंच लागतं. मागे एका कार्यक्रमात पाठीमागच्या सतरंजीवरून एका मावशींनी विचारलं, "साहेब, पंपाला किती टोपणं?" साहेब थांबले, हसले, म्हणाले, "टोपणानं नको मावशी, मापानं घ्या. तुमचा पंप किती लिटरचा?" तेवढ्यात पन्नास जणांनी वह्या काढल्या. म्हणजे बाकीच्यांनाही कळलं नव्हतं. विचारलं एकटीनं.

तेव्हा माझं म्हणणं असं, तीन गोष्टी करायच्या.

एक, ऐकलेलं उलटून म्हणून दाखवायचं. "म्हणजे 15 लिटरला 6 मिली, आणि अळी लहान असतानाच, बरोबर ना?" चूक असेल तर तिथंच दुरुस्त होते. नुसतं "हो हो" म्हटलं की समोरच्याला वाटतं कळलं, आणि तो वेग आणखी वाढवतो.

दोन, फोनवर सल्ला घेताना मोटारीपाशी किंवा चालू ट्रॅक्टरवर बोलायचं नाही. किसान कॉल सेंटरला (1800-180-1551) मराठीतून विचारता येतं. वही-पेन घेऊन बसा, औषधाचं नाव एकेक अक्षर करून विचारा. ओळखीचे साहेब असतील तर व्हॉट्सअॅपवर लिहून मागा. व्हॉइस मेसेज आला तरी चालेल, परत परत ऐकता येतो.

तीन, ऐकलेल्यावर फवारणी नाही. डबा हातात आल्यावर लेबल आणि आतली घडीपत्रिका वाचायची, अक्षर बारीक असेल तर पोराकडून वाचून घ्यायची. घटकाचं नाव, पीक, डोस आणि फवारणीनंतर किती दिवसांनी काढणी, हे सगळं त्यात असतं. लाल त्रिकोण म्हणजे सगळ्यात जहाल विष. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी-शेतमजूर गेले, ते विसरायचं नाही.

या पेजवर कृषी सहायक, कंपनीचे प्रतिनिधी, विद्यापीठाची मंडळीही आहेत. त्यांना हात जोडून विनंती. दहा गोष्टी सांगण्यापेक्षा तीन सांगा. डोस पंपाच्या हिशोबात द्या, फळ्यावर लिहा आणि "कळलं का?" असं विचारू नका. त्याला सगळे "हो"च म्हणतात. त्याऐवजी एखाद्याला उठवून विचारा, "दादा, तुमच्या पंपात किती टाकणार?" त्याच्या उत्तरावरून तुमचं भाषण किती पोचलं ते कळेल.

आणि शेतकरी भावांनो, चारचौघांत विचारायची लाज फार तर दोन मिनिटांची. चुकलेली फवारणी मात्र पूर्ण हंगाम डोळ्यासमोर राहते.