आईकडून काय येते?

गेल्या महिन्यात सत्तरीच्या एक आजी मुलाच्या औषधांची चिठ्ठी घेऊन दवाखान्यात आल्या. मुलाला अनेक वर्षांपासून द्विध्रुवी विकार आहे. कधी उन्माद, कधी नैराश्य. चिठ्ठी पुढे करण्याआधीच त्यांनी विचारले, "डॉक्टर, हे माझ्याकडूनच गेले ना त्याच्यात?" हा दोष कोणीतरी त्यांच्या पदरात घातला होता.

अशा बोलण्याला विज्ञानाचा धागा आहे, पण फार बारीक. आपल्या पेशींत ऊर्जा निर्माण करणाऱ्या तंतुकणिका, म्हणजेच मायटोकॉन्ड्रिया असतात. त्यांचा स्वतंत्र डीएनए आईकडून येतो. १९८१ साली केंब्रिजमध्ये तो संपूर्ण वाचला गेला. त्यात जनुके अवघी ३७. मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे २ टक्के, मात्र विश्रांतीतही तो सुमारे २० टक्के ऊर्जा वापरतो. ही भट्टी मंदावली तर मनही आजारी पडेल का? २००० साली जपानच्या तादाफुमी कातो यांनी द्विध्रुवी विकाराबाबत असा विचार मांडला. शोध अजून चालू आहे. बहुतेक रुग्णांच्या आजाराचे खापर ज्यावर फोडावे, असा एखादा दोष हाती लागलेला नाही. शिवाय तंतुकणिकांना लागणारी हजाराच्या आसपास प्रथिने पेशीच्या केंद्रकातील जनुकांवरून तयार होतात, आणि ती जनुके वडिलांकडूनही येतात! हे मात्र कोणी सासूबाईंना सांगत नाही.

तंतुकणिकांचे काही दुर्मीळ आजार मात्र खरेच आहेत. त्यांत कधी मानसिक लक्षणेच आधी दिसतात. म्हणून रुग्णाला किंवा आईकडच्या नातलगांना कमी वयात बहिरेपण, मधुमेह, पक्षाघातासारखे झटके, पापण्या झुकणे किंवा स्नायूंची दुर्बलता असेल, तर मनोविकारतज्ज्ञांना आवर्जून सांगा. व्हॅल्प्रोएट हे नेहमीच्या वापरातले औषध यांपैकी काही आजारांत यकृताला घातक ठरू शकते. पण हे वाचून चालू गोळी स्वतःहून बंद करू नका. आजार उलटण्याचा धोका मोठा असतो.

आजींना मी हेच प्रश्न विचारले. तसे कोणालाच काही नव्हते. "मग माझा दोष नाही?" "नाही," मी म्हणालो. त्या क्षणभर गप्प राहिल्या आणि मग चिठ्ठी पुढे करून म्हणाल्या, "रात्रीची गोळी तो टाळतो, त्याचे काय करू?" त्यानंतरचा अर्धा तास आम्ही त्या गोळीवरच बोललो.