काउंटरवरचा लाल्या

"काका, लाल्या आलाय. हे औषध द्या," म्हणत त्या पोरानं फोन माझ्यापुढं धरला. गेल्या हंगामातली, दसऱ्याच्या आसपासची गोष्ट. परळीहून बीडकडे निघालं की वाटेत सिरसाळा लागतं. तिथं माझं कृषी सेवा केंद्र आहे आणि त्या काउंटरमागं मी २२ वर्षं उभा आहे. पूर्वी शेतकरी पान तोडून आणायचा. पुढं पानाचा फोटो आणू लागला. आता रोग आणि औषध दोन्ही ठरवूनच येतो. फोनमधल्या एआयनं अगदी शुद्ध मराठीत लिहिलं होतं, की कापसावर लाल कोळी पडला आहे, अमुक कोळीनाशक फवारा. बाजारचा दिवस होता, दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. माझ्या पोरानं बाटली काढून दिली, मी बिल फाडलं.

आठवड्यानं त्या गिऱ्हाइकाच्या रानावरून जाताना गाडी थांबवून बघितलं. पानाखाली कोळी औषधालाही नव्हता. साधा लाल्या होता. बोंडं भरताना झाडाला मॅग्नेशियम कमी पडलं आणि रात्री गार व्हायला लागल्या, की पान लाल होतं. त्याला मॅग्नेशियम सल्फेट लागतं, कोळीनाशक मारून काय होणार? त्या गिऱ्हाईक पोरानं फोनला 'लाल्या' लिहिलं होतं. यंत्रानं त्यातला 'लाल' तेवढा उचलला आणि बाकीचं स्वतःच्या मनानं भरलं.

चूक माझीही आहे. पान बघितल्याशिवाय मी बाटली द्यायला नको होती. पण माझ्या चुकीला निदान पत्ता आहे. १९६८च्या कीटकनाशक कायद्याखालचा माझा परवाना भिंतीवर टांगलेला आहे. बिलावर बॅच नंबर असतो. औषधाच्या प्रत्येक बाटलीवर विषाची तीव्रता सांगणारा रंगीत त्रिकोण असतो, लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा, म्हणजे अंगठा उठवणाऱ्यालाही कळावं. मला सल्ला देता यावा म्हणून सरकारनं वर्षभर आठवड्यातला एक दिवस वर्गात बसवलं. हैदराबादच्या मॅनेज संस्थेची ती पदविका, तिचं नावच 'देसी'. चाळिशीत बाकावर बसून कीड ओळखायची परीक्षा दिली. त्या फोनमधल्या सल्लागारानं कुठली परीक्षा दिली? तक्रार करायची तर तालुका कृषी अधिकारी माझ्या दारात येतील. त्याच्या दारात कोण जाणार, आणि दार आहे कुठं?

फवारणीचा सल्ला म्हणजे क्रिकेटच्या गप्पा नाहीत. २०१७ला बोंडअळीनं कापूस खाल्ला, आणि त्याच साली यवतमाळ जिल्ह्यात फवारताना विषबाधा होऊन २०हून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले. त्यानंतर लाल त्रिकोणाची बाटली देताना माझा हात थोडा थांबतो.

यावर मला जे वाटतं ते असं. आपल्या गावाला सगळं जाणणारं मोठं एआय लागत नाही. एकच काम येणारं, त्या कामाची हद्द ओळखणारं आणि हद्दीबाहेर गप्प बसणारं लहान मॉडेल लागतं. लहान म्हणजे किती, याचा अंदाज यावा म्हणून सांगतो. २०२०च्या जीपीटी-३ मध्ये १७,५०० कोटी पॅरामीटर होते. पॅरामीटर म्हणजे यंत्र शिकतं तेव्हा त्याच्या आत जुळवले जाणारे आकडे. मायक्रोसॉफ्टनं एप्रिल २०२४ मध्ये काढलेल्या फाय-३ मिनीत ते ३८० कोटी आहेत आणि ते फोनवर चालतं. गुगलचं २०२५चं सगळ्यात धाकटं जेम्मा तर २७ कोटींचं आहे. ही दोन्ही लहान मॉडेलं उतरवून घ्यायला खुली आहेत. एकदा फोनमध्ये आली, की रेंज नसली तरी चालतात.

मात्र लहान म्हणजे शहाणं, असं कुणी समजू नये. माझ्या पुतण्यानं असंच एक मॉडेल फोनवर बसवलं आणि इंटरनेट बंद करून माझ्या हातात दिलं. मी विचारलं, "डोमकळी म्हणजे काय?" कापूस पिकवणाऱ्या घरातलं शेंबडं पोरही सांगेल, की अळी आत शिरली की फूल उमलत नाही, पाकळ्या गुंडाळून मिटून राहतात, ती डोमकळी. मॉडेलनं सांगितलं, की डोमकळी ही देवपूजेला वाहायची एक सुगंधी कळी आहे. वर तिचे तीन औषधी गुणही सांगितले. लहान यंत्राला सगळ्या जगाचं बोलायला लावलं, तर ते मोठ्यापेक्षा जास्त बरळतं. लहानपण कामाला येतं ते कामही लहान असेल तेव्हाच.

असं एक काम आपल्याच राज्यात झालेलं आहे. मुंबईत २०१८ साली सुरू झालेल्या वाधवानी एआय या संस्थेनं कापसातल्या बोंडअळीसाठी फोनवरचं साधन बनवलं. आम्ही शेतात कामगंध सापळे लावतो. त्यातल्या ल्यूरच्या, म्हणजे मादीसारखा वास सोडणाऱ्या गोळीच्या, ओढीनं नर पतंग सापळ्यात येतात. सलग तीन रात्री सापळ्यामागं आठ-आठ पतंग सापडले, की फवारणीची वेळ आली असं विद्यापीठ सांगतं. अडचण मोजण्यात आहे. सापळा झटकला की मेलेले पतंग, माशा, कचरा असा सगळा काला पडतो. त्यात शेंदरी बोंडअळीचा पतंग कोणता आणि अमेरिकन बोंडअळीचा कोणता, हे बघायला सकाळी सहा वाजता कुणाला सवड असते? या साधनात पतंग पसरून फोटो काढायचा. मॉडेल ते मोजतं आणि फवारायचं की थांबायचं ते सांगतं. मॉडेल इतकं आटवलेलं, की साध्या फोनच्या पोटात मावावं आणि रेंज नसली तरी चालावं. त्यांनी २०२०च्या शोधनिबंधात यातल्या अडचणीही उघड मांडल्या आहेत. फोटो सापळ्याचाच आहे का, हे ते आधी तपासतं. म्हशीचा फोटो दिला तर पतंग मोजत बसत नाही. मला त्यातलं हेच सगळ्यात आवडलं. माझ्या काउंटरवरच्या त्या शुद्ध मराठी बोलणाऱ्याला "हे मला कळत नाही" एवढं एक वाक्य येत नव्हतं.

माझा धंदा औषध विकायचा आहे, हे वाचकांनी विसरू नये. "थांबा" म्हणणारं यंत्र म्हणजे माझ्या गल्ल्यावर टाच. तरी मी त्याच्या बाजूनं आहे. विनाकारण मारलेल्या औषधाची उधारी शेवटी बुडते ती माझीच.

मॉडेल फोनवरच चालत असेल तर फोटोही फोनमध्येच ठेवता येतो. त्याचा आणखी एक फायदा आहे, आणि तो व्यापाऱ्याइतका कुणाला कळणार नाही. कुठल्या शिवारात अळी पडली हे मला दोन दिवस आधी कळलं तर मी काय करीन? माल भरून ठेवीन. मी सिरसाळ्याचा एक दुकानदार. हीच माहिती अख्ख्या मराठवाड्याची कुणा एकाच्या हातात गेली, तर तो काय काय करील, हे सांगायला ज्योतिषी नको.

लहान मॉडेलानं पाणी आणि वीजही वाचते, आणि त्यांचं नातं परळीच्या माणसाला शिकवावं लागत नाही. २०१३च्या दुष्काळात खडका बंधाऱ्यात पाणी उरलं नाही, तेव्हा आमचं औष्णिक वीज केंद्र बंद पडलं. २०१५ला पुन्हा तेच. वीज करायला आधी पाणी लागतं, हे इथं ठेकेदारापासून टपरीवाल्यापर्यंत सगळ्यांनी बघितलंय. मोठी मॉडेलं चालवणाऱ्या डेटा सेंटरला वीज हवी, आणि बऱ्याच ठिकाणी यंत्रं गार ठेवायला पाणीही हवं. पतंग मोजण्यासाठी एवढा भार कशाला उचलायचा? ते काम खिशातल्या बॅटरीवर होतं.

राज्य सरकारनं जून २०२५ मध्ये शेतीसाठीच्या एआय धोरणाला मंजुरी दिली आणि ५०० कोटींची तरतूद केली. चांगलं झालं. पण हा पैसा सगळ्या प्रश्नांना उत्तरं देणाऱ्या एकाच बोलघेवड्या ॲपवर जाऊ नये. लाल्या ओळखणारं एक, सापळा मोजणारं एक, बाटलीवरची बारीक अक्षरं मोठ्यानं मराठीत वाचून दाखवणारं एक, अशी सुटी अवजारं करा. आपण विळ्यानं नांगरत नाही. प्रत्येक अवजार बाहेर येण्याआधी परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठानं ते आमच्या शिवारात, आमच्या शब्दांत तपासावं आणि किती वेळा चुकलं ते छापावं. औषधाचं प्रमाण सांगण्याआधी त्या अवजारानं "पंप कोणता?" हे विचारलंच पाहिजे. पॉवर पंपाला पाणी कमी लागतं, म्हणून त्याला साध्या पंपाच्या तिप्पट प्रमाण सांगतात. इथं गफलत झाली की एक तर कीड मरत नाही, नाही तर पीक जळतं. आणि माझ्या बाटल्यांवर त्रिकोण असतो तसा काही तरी त्रिकोण या ॲपवरही हवा. फवारणीचा सल्ला देणाऱ्याला लाल, हवामान सांगणाऱ्याला हिरवा.

मराठीत हे होणार नाही असं म्हणणाऱ्यांनी पुण्याकडे बघावं. तिथल्या एल३क्यूब गटानं खास मराठी मजकुरावर शिकवलेली महाबर्टसारखी लहान मॉडेलं करून सगळ्यांसाठी खुली ठेवली आहेत. त्यांना आमचे शब्द शिकवायला कुणी तरी बांधावर यायला हवं, एवढंच राहिलंय. आले तर चहा माझ्याकडं.

त्या पोराला मी बाटलीचे पैसे परत दिले. तो घेत नव्हता. "फोननं सांगितलं काका, तुमचं काय चुकलं?" म्हणाला. दुसऱ्या दिवशी काउंटरवर पाटी लावली, 'फोनमधलं औषध मागण्याआधी पान आणा'. लोकांनी ती फारच मनावर घेतली आहे. आता पानाऐवजी मुळासकट झाड पोत्यात घालून आणतात, आणि संध्याकाळी दुकान झाडायला दोन माणसं लागतात.